वाचलेलं कुणाला तरी सांग

बडोदे

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, वाचते भरपूर, पण आठ दिवसांनी विचारलंस तर पाटी कोरी." तेव्हा कुकर शिट्ट्या देत होता आणि बाबांना डबा हवा होता, म्हणून विषय तिथेच राहिला. आता निवांत लिहिते.

दिवाळीत इथे ठेवून गेलेलं तुझं अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून बघितलं. अगं, पानंच्या पानं पिवळी! भाव उतरला की मागणी वाढते, ही ओळसुद्धा पिवळी. हायलायटर धरला की हात चालत राहतो आणि डोकं रजेवर जातं. हे माझं शाळामास्तरी मत नाही. 2013 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. खुणा करणं आणि तेच ते पुन्हा वाचणं, दोन्हींचा उपयोग कमी निघाला. वरचढ ठरलं ते स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा, दिवस सोडून करणं.

त्याआधी 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. काही मुलांनी एक उतारा चारही खेपांना वाचलाच. काहींनी एका खेपेला वाचला आणि पुढच्या तीन खेपांना न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तर वाचणारे 40 वर आणि लिहिणारे 61 वर. परीक्षेच्या आदल्या रात्री "सगळं येतंय" असं का वाटतं आणि नंतर ते कुठे जातं, ते ह्यात आलं.

तुझ्या पणजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती विठ्ठलमंदिरातून कीर्तन ऐकून आली की पाय धुवायच्या आधी ओट्यावर बसायची आणि शेजारणींना सगळं सांगायची. बुवांनी पूर्वरंगाला कोणता अभंग घेतला, उत्तररंगात कोणतं आख्यान लावलं, मध्येच पेटी कशी बसली, सगळं. एखादा दुवा निसटला तर दुसऱ्या दिवशी बुवांनाच गाठून विचारायची. शाळेत दोन इयत्ता शिकलेली बाई, पण तिच्याजवळ आख्यानांचा साठा होता. सांगायचं आहे हे ठरवूनच ती ऐकायला बसायची.

रियासतकार सरदेसाईंचंही मला तसंच वाटतं. 1889 मध्ये ते इथल्या दरबारात लागले ते सयाजीराव महाराजांचे रीडर, म्हणजे वाचून दाखवणारे म्हणून. पुढे राजपुत्रांना इतिहास शिकवायचं काम आलं आणि त्यासाठी काढलेल्या टिपणांतून रियासती, म्हणजे त्यांचे इतिहासाचे ग्रंथ, उभ्या राहिल्या. आधी समोर ऐकणारं कुणीतरी होतं, ग्रंथ नंतर झाले.

तेव्हा तू एवढं कर. प्रकरण उघडलंस की आधी मथळे आणि शेवटचा परिच्छेद बघ, आणि ह्यातून आपल्याला काय हवंय तो एक प्रश्न वहीत लिही. मग वाच, फोन दुसऱ्या खोलीत. एक भाग झाला की पुस्तक मिट आणि चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिही. पहिल्यांदा दीडच ओळ जमेल आणि चिडशील, पण नेमकं तिथेच पुस्तक पुन्हा उघडायचं असतं. दुसऱ्या दिवशी वही न बघता आठव, आठवड्याने पुन्हा एकदा. वेग कमी होईल, होऊ दे. "यंदा इतकी पुस्तकं संपवली" ही मोजदाद मला तरी पापडांच्या हिशेबासारखी वाटते.

कादंबऱ्यांना मात्र ह्यातलं काही लावू नकोस. त्या लोळून, जेवताना, बसमध्ये वाच. आणि पन्नास पानांत जी धरून ठेवत नाही ती खुशाल परत कर.

परत करण्यावरून आठवलं, तिथल्या ग्रंथालयाचं कार्ड काढ. तू बडोद्याची मुलगी आहेस. 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून आपल्याकडे गावोगाव वाचनालयं उभी करायला घेतली होती. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत तुला लहानपणी नेलं की काचेच्या जमिनीवर पाय टाकायला घाबरायचीस, खालचा उजेड दिसतो म्हणून. ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघ मारता येत नाही, म्हणजे वही आपोआप उघडावी लागते. शिवाय परतीची तारीख असते, ती आपल्यासारख्या आळशांना बरी.

रविवारी फोन करशील तेव्हा जेवणाखाण्याचं झालं की मला एक प्रकरण सांग. मला अर्थशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे अडेल तिथे "म्हणजे काय?" विचारीन. बाबांनाही बसवते, ते उगाच वाद घालतील.

सोबत भाकरवडी आणि मेथीची थेपली पाठवली आहेत. थेपली आधी संपव, भाकरवडी टिकते. पिवळं पेन मी ठेवून घेतलंय, दळणाच्या डब्यांवर नावं घालायला.

तुझी,
आई