कर बारा महिन्यांचा, कापता मात्र फेब्रुवारीत

मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी पश्चिम विदर्भातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. प्राप्तिकर भरायला आमची ना नाही. तक्रार आहे ती तो कापण्याच्या तऱ्हेबद्दल.

कायद्याप्रमाणे वर्षभराच्या पगाराचा अंदाज धरून कर दर महिन्याला सरासरीने कापायचा असतो. आमच्याकडे डिसेंबरपर्यंत कोणी विचारत नाही. जानेवारीत ग्रुपवर निरोप पडतो: 'गणनापत्रक (वर्षाच्या कराचा हिशेब) दोन दिवसांत द्या, नाहीतर पगारबिल लागणार नाही.' मग वर्षाचा सगळा कर फेब्रुवारीच्या बिलात. त्यातून पतसंस्थेचा हप्ता गेला की हातात किराण्यापुरतेच उरतात.

2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या पगारावर कर नाही, त्यामुळे बरेच जण सुटले. अडकतात ते पगाराची थकबाकी एकदम मिळणारे. वरिष्ठ वेतनश्रेणीची फाइल वर्षानुवर्षं टेबलावर पडून राहते आणि मंजूर झाली की सगळा फरक एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरला जातो. उशीर कार्यालयाचा, कर आमच्या माथी! यावर कायद्यात सवलत आहे. ज्या-त्या वर्षाचा फरक त्या-त्या वर्षात धरून हिशेब करायचा आणि एकरकमी मिळाल्यामुळे जास्त येणारा कर वजा करायचा. पण त्यासाठी प्राप्तिकर विवरणपत्राआधी 10-ई फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याकरता वर्षवार फरकाचा तक्ता हाती असावा लागतो. तो तक्ता मागितला की बाबू म्हणतात, नंतर या.

जादा कापलेलं परत मिळतं, हे खरं. आमच्याकडे मोठी बाकी राहिली तर व्याज महिन्याला एक टक्का. सरकारकडे राहिली तर अर्धा, आणि परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तेवढंही नाही. हा नियम केंद्राचा, तुमच्या हातातला नाही, म्हणून सोडून देतो. मुदत ठेवीचं व्याज लपवून जुलैत विवरणपत्र भरताना कपाळाला हात लावणारे आमच्यातही आहेत. तो दोष आमचाच.

पण पॅनचं एक अक्षर चुकलं म्हणून कापलेला कर 26-एएसमध्ये, म्हणजे आमच्या नावावर जमा कराच्या ऑनलाइन उताऱ्यात, दिसतच नाही, याला काय म्हणायचं? कापून घेतलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही, असं कायदा म्हणतो. तरी नोटीस त्यालाच येते. मग किरकोळ रजा टाकून तालुक्याला जा, तिथून जिल्ह्याला. कापलेल्या कराचं दुरुस्तीचं विवरणपत्र फक्त कार्यालयच भरू शकतं, आणि तिथे उत्तर मिळतं, 'साहेब दौऱ्यावर आहेत.'

शिक्षकांच्या पगाराच्या 'शालार्थ' या ऑनलाइन प्रणालीत मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे सगळं आहेच. तिथेच एप्रिलपासून कराचा मासिक हप्ता पडू द्या. थकबाकीच्या प्रत्येक बिलाला वर्षवार तक्ता जोडणं सक्तीचं करा. कापलेल्या कराचं चौथ्या तिमाहीचं विवरणपत्र 31 मेच्या आत आणि फॉर्म 16 (कर कापल्याचा दाखला) पंधरा जूनपर्यंत न देणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे पगारबिल काढणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी जाब विचारा. यासाठी अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

आपला,
एक जि. प. शिक्षक