सामान्य सापेक्षतेचे पहिले पुस्तक

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

सामान्य सापेक्षता, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, स्वतःच्या बळावर शिकायचे तू मनावर घेतलेस, हे वाचून फार आनंद झाला. पहिले पुस्तक कोणते, या तुझ्या प्रश्नावर माझे मत पक्के आहे: जेम्स हार्टल यांचे 2003 साली निघालेले ‘ग्रॅव्हिटी’ घे.

बहुतेक पुस्तके आधी टेन्सर (सदिशांहून व्यापक अशा गणिती राशी), मग अवकाशकालाची, म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित रचनेची, वक्रता, मग पदार्थामुळे ही वक्रता किती येते हे सांगणारी आइन्स्टाइनची क्षेत्रसमीकरणे आणि त्यानंतर कुठे ताऱ्याभोवतीचा अवकाशकाल, अशा क्रमाने जातात. गणित म्हणून हा क्रम निर्दोष आहे. परंतु एकट्याने अभ्यास करणारा बहुधा वक्रतेपाशीच थकतो. हार्टल श्वार्झशिल्डची मेट्रिक, म्हणजे गोल ताऱ्याबाहेरच्या अवकाशकालातली अंतरे मोजण्याचे सूत्र, आधीच हाती देतात, तिच्यात ग्रह आणि प्रकाशकिरण कोणत्या वाटेने जातात हे काढायला लावतात, आणि ती ज्या समीकरणांतून निघते ती पुस्तकाच्या अखेरच्या भागात आणतात. त्यामुळे बुधाच्या कक्षेचे शतकाला 43 विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) जे सरकणे न्यूटनच्या सिद्धान्तातून निघत नव्हते, ते निम्म्या पुस्तकाच्या आतच तू स्वतः काढशील. एवढे हातून झाले, की पुढचे गणित कशासाठी शिकायचे हे कोणी सांगावे लागत नाही.

बर्नार्ड शुट्झ यांचे पुस्तकही नवख्यांसाठीच आहे आणि टेन्सर ते फार सबुरीने शिकवतात, मात्र कृष्णविवरांसाठी तिथे अकराव्या प्रकरणापर्यंत थांबावे लागते. शॉन कॅरल दुसऱ्या फेरीला, रॉबर्ट वाल्ड त्याहून पुढे. मिस्नर, थॉर्न आणि व्हीलर यांचा 1973 चा बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथ मला अतिशय प्रिय आहे, पण सुरुवातीला तो सलग वाचू नये; एखादी कल्पना अडली, की तेवढाच भाग काढून वाचावा.

एक पथ्य मात्र पाळ: आरंभी दोन पुस्तकांतली सूत्रे एकत्र करू नकोस. लांदाऊ आणि लिफशिट्झ त्यांच्या पुस्तकात मेट्रिकमधल्या काळाच्या पदाला धन चिन्ह देतात, हार्टल ऋण देतात. वाइनबर्ग यांच्या पुस्तकात तर क्षेत्रसमीकरणाच्या उजव्या बाजूलाच ऋण चिन्ह आहे. सिद्धान्त एकच असला, तरी हे ठाऊक नसेल तर बरोबर सोडवलेले उदाहरणही चुकल्यासारखे वाटते.

वक्रतेच्या प्रकरणाला हात घालण्यापूर्वी साध्या गोलाच्या पृष्ठभागाची क्रिस्टोफेल चिन्हे (मेट्रिक जागोजागी कशी बदलते त्यावरून निघणारे गुणांक) वहीत हाताने मांड आणि तिथून वक्रतेपर्यंत जा. हार्टल यांच्या संकेतांनुसार अदिश वक्रता, म्हणजे वक्रता एकाच संख्येत सांगणारी राशी, दोन भागिले त्रिज्येचा वर्ग इतकी यायला हवी. वेगळे काही आले, तर सगळी आकडेमोड मला पाठव. आपण ओळ न् ओळ तपासू.

तुझा स्नेही