'हेल्प' टाईप करायला लावणाऱ्या दादाला

दादा,

तोंडावर आभार मानले तर 'गप रे' म्हणशील, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

माइनक्राफ्ट गेममधल्या टर्टलला, म्हणजे कॉम्प्युटरक्राफ्टच्या त्या चौकोनी रोबोला, मला खाण खणायला लावायची होती. व्हिडिओ ढिगानं सापडले, पण एकातली कमांड दुसऱ्यात नाही. कॉम्प्युटरक्राफ्ट हा मूळ मॉड, म्हणजे गेमला वरनं जोडायची भर, २०११ चा; आम्ही खेळतो तो सीसी ट्वीक्ड त्याच्यावरच पुढं वाढवलेला. कुठला व्हिडिओ कशाचा, पत्ता लागत नव्हता. राजारामपुरीतनं क्लास सुटल्यावर तू घरी आलास तेव्हा मी सरळ तयार कोड मागितला. दिला नाहीस. लई राग आला होता.

त्याऐवजी गेममधल्याच कॉम्प्युटरवर 'हेल्प इंडेक्स' टाईप करायला लावलंस. विषयांची अख्खी यादी आली की समोर! नेट गेलं तरी चालणारी. मग ब्राउझरमध्ये सीसी ट्वीक्डचं डॉक्युमेंटेशन उघडून एकच पान वाचून घेतलंस, टर्टलचं. कमांडच्या कंसात काय द्यायचं ते सगळेच बघतात, कमांड चालल्यावर परत काय मिळतं ते वाच, म्हणालास.

तिथंच माझं घोडं अडलं होतं. 'टर्टल डॉट फॉरवर्ड' नुसता पुढं जात नाही, ट्रू (जमलं) किंवा फॉल्स (नाही जमलं) परत देतो, आणि फॉल्स असेल तर सोबत कारणही देतो. वाट अडलीय की इंधन संपलंय, हे तो बिचारा आधीपासून सांगत होता, मी ते प्रिंटच करत नव्हतो. एका कोळशावर ८० पावलं, नुसतं वळायला इंधन लागत नाही, हेही तिथनंच कळलं. समोरची खडी खणली की वरची खाली घसरते, म्हणून एकदा 'डिग' करून भागत नाही. समोर काही आहे का ते 'डिटेक्ट'नं बघत लूप फिरवायचा, म्हणजे वाट मोकळी होईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा करायचं. हा लूप मात्र माझा मी लिहिला, तू चहा पीत बसला होतास.

'पेरिफेरल डॉट गेटमेथड्स'ही छान आहे. शेजारी चिकटवलेल्या यंत्राला काय काय येतं ते तेच सांगतं. पण नावं तेवढी कळतात, कंसात काय घालायचं ते नाही. त्याला पुन्हा डॉक्युमेंटेशनच.

आता आमच्या गल्लीतली पोरं मला कोड मागायला लागलीत. मीही देत नाही. शिव्या मला पडतात, पण त्यातल्या निम्म्या तुझ्या आहेत.

जीपीएसचं, म्हणजे गेममध्ये टर्टलला आपण कुठं आहोत ते कळायच्या सोयीचं, पान वाचून झालंय. चार कॉम्प्युटर, प्रत्येकाला वायरलेस मोडेम, आणि चारही एका पातळीत ठेवायचे नाहीत. रविवारी येतोस का? मिसळ माझ्याकडनं.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा