टिटलिस-लुसर्नच्या बसमधल्या टूर मॅनेजर भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमच्याबरोबर स्वित्झर्लंडमधला टिटलिस डोंगर आणि लुसर्न शहर पाहून आलेल्या जळगाव, भुसावळ, अमळनेरकडच्या जोडप्यांच्या वतीने हे पत्र. ते उघड लिहिण्याचं कारण एवढंच, की पुढच्या मोसमात आमच्याकडची आणखी मंडळी त्याच वाटेने निघतील आणि तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही कामी येईल. ‘चला, चला, उशीर होतोय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मात्र प्रत्येक वेळेमागचं कारण सांगत गेलात आणि सगळी बस सुतासारखी सरळ झाली.

सकाळी साडेसातला म्हणजे साडेसातलाच का निघायचं, हे तुम्ही आदल्या रात्री जेवतानाच सांगितलंत. तिकडे चालकाने साडेचार तास गाडी हाकली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. दिवसाचं चालवणं साधारण ९ तासांचं आणि रात्रीचा आराम साधारण ११ तासांचा. टॅकोग्राफ, म्हणजे बसमधलं नोंदयंत्र, मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो, तिथे ‘घ्या ना भो सांभाळून’ चालत नाही. म्हणजे सकाळी कुणी चहात २० मिनिटं घालवली, तर ती संध्याकाळी लुसर्नमधून वजा होणार. दुसरं कारण ढगांचं. उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरमाथ्यावर ढग जमतात, म्हणून टिटलिस आधी आणि लुसर्न नंतर. निघण्याआधी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र मोबाईलवर बघून घेण्याची तुमची सवय तर प्रत्येकाने उचलावी.

बसमधून उतरतानाची तुमची सूचना छोटी, पण लाखमोलाची. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने नेमकी उलट वळते.

कपड्यांचं सांगितलंत तेव्हा बस हसली होती. कपाशीच्या मुलखातल्या माणसांना सुती बनियन काढून ठेवायला लावणं म्हणजे धाडसच! पण कारण पटलं. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलं की अंगाला गार लागतं. आत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. साडी नेसायची तर खाली थर्मल आणि पायात खाचांच्या तळव्याचे बूट. टिटलिसवरच्या हिमगुहेत जमीनसुद्धा बर्फाचीच आहे, चप्पल तिथे चालायचीच नाही. बर्फावरून ऊन उलटून येतं, म्हणून गॉगल आणि सनस्क्रीन. थंडीत मोबाईलची बॅटरी झपकन उतरते, म्हणून तो आतल्या खिशात.

एंगेलबर्ग साधारण १,००० मीटरवर. तिथून गोंडोला, म्हणजे रोपवेची छोटी केबिन, मधल्या ट्र्युबसे स्थानकावर उतरायचं नाही, ‘स्टँड’ नावाच्या स्थानकावर बदलायची आणि पुढे रोटेअर, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी रोपवेची केबिन. ती १९९२ची, अशा प्रकारची जगातली पहिली. वाटेत एक पूर्ण फेरी होतेच, म्हणून खिडकीसाठी रेटारेटी करण्यात अर्थ नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर. जळगाव जेमतेम दोनशे मीटरवर, आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच. म्हणून पहिली १५ मिनिटं बसून राहायचं, जिने सावकाश चढायचे, पाणी घोटघोट प्यायचं. डोकं दुखलं, मळमळलं तर लाजायचं नाही, खाली यायचं; उतरणं हाच उपाय. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारायचं. क्लिफ वॉकचा झुलता पूल ३,०४१ मीटरवर, लांबी सुमारे १०० मीटर आणि रुंदी एकच मीटर. वारा वाढला की तो बंद करतात, म्हणून वर पोहोचून दम घेतला की आधी तोच उरकायचा. ‘जोडीने आलात म्हणून दोघांनी पुलावर गेलंच पाहिजे असं नाही,’ हे तुमचं वाक्य कित्येक वहिनींनी मनावर घेतलं. दादांनी जास्त.

लुसर्नमध्ये तुम्ही भाषण आवरतं घेतलंत. सिंहाचं शिल्प १७९२ मध्ये पॅरिसला मारल्या गेलेल्या स्विस रक्षकांच्या आठवणीचं, कोरलं १८२१च्या सुमारास. लाकडी कापेलब्र्युके पूल १९९३च्या आगीत बराचसा जळाला, वरच्या त्रिकोणी चित्रांपैकी बहुतेक गेली आणि पूल पुन्हा उभारला. बस. उरलेला वेळ तुम्ही खरेदीच्या कागदपत्रांना दिलात, ते बरं केलंत. युरोच्या नोटा बऱ्याच ठिकाणी घेतात, पण सुटे फ्रँकमध्येच, म्हणजे स्विस चलनातच, मिळतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद. खरेदीवर भरलेला कर परत (करपरतावा) हवा असेल तर एका दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी आणि पासपोर्ट जवळ हवा. पुढे बसनेच इटली किंवा जर्मनी गाठायची असेल, तर स्विस हद्द सोडतानाच करपरताव्याच्या कागदावर कस्टम्सचा शिक्का घ्यायचा, कारण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. हा शिक्का राहिला की पुढच्या विमानतळावर हात चोळत बसावं लागतं.

खाण्याचंही तुम्ही वेळीच सांगितलंत: पेढे, खवा, तूप भारतातून न्यायचं नाही, तिकडे दुधाच्या पदार्थांना बंदी. शेंगदाण्याची चटणी मात्र हवाबंद पाकिटात घेतली की डब्यातल्या फिक्या पास्त्याचंही सोनं होतं.

आता आमचीही एक वेळ लिहून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत या. जळगावची हिरवी भरताची वांगी तेव्हा भरात असतात, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजली की भरताला जो धुराचा वास येतो तो गॅसवर येत नाही. मे महिन्यात मात्र येऊ नका. तेव्हा तुमचं थर्मल इथे काही कामाचं नाही.

आपले,
खान्देशातले प्रवासी