दात आणि केस

प्रिय वैशू,

परवा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच ओट्यापाशी उभी होते. तू म्हणालीस "मला कसलं गं टेन्शन, आता सगळं सुरळीत चाललंय" आणि त्याच फोनवर म्हणालीस की केस मूठ-मूठ गळतायत, तीन शॅम्पू बदलून झाले, रात्री अडीचला जाग येते ती पाचपर्यंत डोळा लागत नाही, आणि धाकट्याला नुसतं पाणी सांडलं म्हणून इतकं ओरडलीस की तो रडायला लागला. मला तेव्हा काही बोलता आलं नाही म्हणून लिहितेय, लांबलचक होईल, चहा घेऊन बस.

आधी माझं सांगते. जूनपासून माझा उजवा जबडा दुखायचा, सकाळी उठलं की तोंड उघडताना कट्ट आवाज. मला वाटलं अक्कलदाढ. पाचपाखाडीत एका डेंटिस्टकडे गेले तर त्या बाईंनी एक्स-रे वगैरे काढला आणि म्हणाल्या दाढ चांगली आहे, पण सगळ्या दाढा वरून घासून सपाट झाल्यात, तुम्ही झोपेत दात खाता का? मी म्हटलं छे. आमची आजी म्हणायची मूल झोपेत दात खातंय म्हणजे पोटात जंत झालेत, मोठ्या माणसांचं असं काही असतं हेच डोक्यात नव्हतं. घरी येऊन नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, अगं रोज खातेस, मला वाटलं तुला माहितेय!

डॉक्टरांनी नाइट गार्ड दिलं, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कव्हर, पण हेही सांगितलं की याने दात वाचतील, दात खायचं थांबेलच असं नाही, याच्यामागे बऱ्याचदा ताण असतो तो शोधा. मी म्हटलं शोधायचं काय त्यात, घोडबंदर रोड! कासारवडवली ते ऐरोली रोजचं जाणं-येणं, मेट्रोचं काम, खड्डे, कापूरबावडी ते माजिवडा तर मुंगीच्या पावलाने. मला अगदी खात्री होती. तरी त्यांनी सांगितलं म्हणून कालनिर्णयवर, जिथे आपण दुधाचे खाडे मांडतो ना त्याच चौकोनात, जबडा दुखला की निळा ठिपका द्यायला लागले, आणि आदल्या दिवशी काय झालं ते दोन शब्दांत.

दीड महिना केलं गं. आणि ट्रॅफिकचा आणि ठिपक्यांचा काही मेळच बसेना. पावसात गाडी दोन तास अडकली त्याच्या दुसऱ्या दिवशी ठिपका नाही. पण दादाचा फोन आला की दुसऱ्या दिवशी ठिपका, जवळजवळ दर वेळी. बाबांचं चिपळूणचं घर विकायचं का, एवढाच विषय. भांडण नाही, आवाज चढवणं नाही, चार-पाच मिनिटांचा फोन, आणि मी दर वेळी "हो दादा, बघू" म्हणून ठेवून द्यायचे. मला ते घर विकायचं नाहीये वैशू, हे मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं. दिवसा जे तोंड घट्ट मिटून घ्यायचे तेच रात्री आपलं काम करत होतं.

म्हणजे बघ, मी शिव्या घालत होते रस्त्याला. रस्त्याचा त्रास खोटा नाही, पण तो तिथल्या तिथे बोलून मोकळं होता येतं, रिक्षावाल्यापासून ऑफिसमधल्या मैत्रिणीपर्यंत सगळे त्यावर बोलतात. पायाखाली साप आला की शरीर ॲड्रिनलिन सोडतं, कॉर्टिसॉल वाढतं (ही ताणाची हार्मोन्स), छाती धडधडते, स्नायू आवळतात, पचन मंदावतं, आणि साप गेला की हळूहळू सगळं जागेवर येतं. पण दादाला सांगायची राहिलेली गोष्ट कुठे जाते? ती उशाशीच असते.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या सासूबाईंना ॲडमिट केलं ते गणपतीत, आणि तुझे केस गळायला लागले दिवाळीनंतर, बरोबर? मोठा ताण किंवा आजारपण झालं की केस लगेच नाही गळत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून आपण आत्ता काय चुकतंय ते शोधत बसतो, पाणी बदललं, शॅम्पू बदलला, आणि खरं कारण मागेच राहतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घेच, बायकांना त्यानेही गळतात, सगळं टेन्शनवर ढकलू नकोस.

आणि तू म्हणतेस की यंदा तर सगळं चांगलंच झालं, खारघरचं घर झालं. होम्स आणि राहे नावाच्या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये ४३ घटनांची यादी केली होती, कुठल्या घटनेने माणसाला किती जुळवून घ्यावं लागतं त्याचे गुण लावून. त्यात जोडीदाराचा मृत्यू १००, पण लग्नालाही ५०, आणि सुट्टीला जाण्याला चक्क १३! घरच्या माणसाचं आजारपण ४४, मोठं गृहकर्ज ३१, घर बदलणं २०. हे गुण अमेरिकेतल्या लोकांना विचारून ठरवलेले, ते तुला मला जसेच्या तसे लागू नसतील, पण तुझ्याकडे यातलं तिन्ही सहा महिन्यांत झालं आणि तू एक दिवस रजा घेतली नाहीस. सासूबाईंजवळ रात्री कोण होतं? तूच. तेव्हा एकदा तरी रडलीस का?

मी मागच्या आठवड्यात दादाला सांगितलं. हात थरथरत होते. तो गप्प झाला, मग म्हणाला आधी का नाही बोललीस. घराचं काय ते अजून ठरलेलं नाही, आणि जबड्याचं दुखणं काही पूर्ण थांबलेलं नाही, या महिन्यात आत्तापर्यंत तीन ठिपके आहेत.

झोप अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरांना दाखव, आणि रात्री अडीचला फारच जड झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मलाही कर फोन, मी उचलेन, खरंच.

रविवारी ये ना ठाण्याला. पनवेल-ठाणे लोकल पकड, मी स्टेशनवर घ्यायला येते, तलावपाळीला बसू. मुलांना भावोजींकडे ठेव. आणि येताना तुझं कॅलेंडर घेऊन ये, गणपतीपासूनचं, आपण दोघी मिळून बघू.

तुझीच,
मनू