जुने चित्रपट ताणू नका

जुन्या मराठी चित्रपटांच्या डिजिटल जतनाचे स्वागत करणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. स्वागत योग्यच, पण हे चित्रपट टीव्हीवर दाखवताना पडदा भरण्यासाठी अनेकदा आडवे ताणले जातात, त्याचाही उल्लेख हवा होता. ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी १९३३मध्ये पुण्यात आली. तेव्हाचे बोलपट आणि पुढे दूरदर्शनच्या जुन्या मालिका साधारण ४:३ (रुंदी चार भाग, तर उंची तीन) या चौकटीत चित्रित झाल्या. आजचा पडदा १६:९. तो भरेल असे चित्र ताणले, की रुंदी एक-तृतीयांशाने वाढते. चेहरे फुगतात, बैलगाडीचे चाक लंबगोल होते, सडपातळ नायिका (तिचा काय दोष?) अकारण अंगाने भरते. ताणण्याऐवजी वर-खाली कापले, तर उंचीचा पाव भाग जातो. त्यात कुणाचे कपाळ जाते, कुणाची नाचती पावले. ताणलेले चित्र निदान रिमोटवर ४:३ निवडून पूर्ववत करता येते, कापलेले परत येत नाही. अर्थात, हा खटाटोप प्रेक्षकाने का करावा? दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून मूळ चौकट दाखवणे वाहिन्यांना सहज शक्य आहे. छायालेखकाने आखलेली चौकट बदलण्याचा अधिकार त्यांना नाही.

– एक वाचक, कोथरूड, पुणे