डावा हात, उजवा पाय

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून विषय बदलणार आणि काकूंना चहा टाकायला सांगणार, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. शिवाय आपल्या वास्को-मडगावात सिम्युलेटरवर लढाऊ विमान शिकायला बसलेली आणि धावपट्टीच्या कडेच्या गवतातच अडकलेली आणखी मंडळी असणारच. त्यांनाही तुमच्या शिकवणीचा उपयोग झाला तर बरं.

मी डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये पी-५१ डी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं मस्टँग शिकायला घेतलं होतं. म्हणायला गेम, पण बटण दाबलं आणि उडालं असा प्रकार इथे चालत नाही. बूस्टर पंप, प्राइमर, मॅग्नेटो, मिक्स्चर, सगळं आपल्या हाताने करायचं, आणि इंजिनाला छळलं तर ते मध्येच मान टाकतं. शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. आधी हे दाबा, मग ते ओढा, असा क्रम सगळ्यांत सापडतो. का, ते विचारायचं नाही. कुणी सांगितलंच तर वरवरचं.

तुम्ही मात्र जिना चढून वर आलात आणि दारातूनच विचारलंत, "पिस्टन इंजिन कोण मारतंय गं इथं? आणि आरपीएम खाली ठेवून एवढा थ्रॉटल कशाला देतंय?" दाबोळीच्या विमानांच्या गोंगाटात आपल्या चिखलीच्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्याचा टीव्हीसुद्धा धड ऐकू येत नाही. तुम्हाला मात्र माझ्या स्पीकरमधून इंजिनाची तक्रार ऐकू आली! तुम्ही नौदलातून निवृत्त, मूळचे सातारचे, एवढंच तोवर मला माहीत होतं. तरुणपणी तुम्ही सुपर कॉन्स्टेलेशनच्या इंजिनांवर काम केलंय, हे त्या दिवशी कळलं.

ती विमानं एअर इंडियाकडून हवाई दलाकडे गेली आणि १९७६ मध्ये तिथून नौदलाकडे, दाबोळीला आली. चार इंजिनं, प्रत्येकाला १८ सिलिंडर, वर एक्झॉस्टमधून वाया जाणारी ताकद परत क्रँकशाफ्टला देणाऱ्या तीन-तीन टर्बाइन. चारांतलं एखादं इंजिन वाटेत बंद करावं लागायचं, म्हणून जगभर या विमानाला 'तीन इंजिनांचं सर्वोत्तम विमान' म्हणून चिडवायचे, हे सांगताना तुम्हीच सगळ्यात जास्त हसत होतात.

तुम्ही जॉयस्टिकला एकदाही हात लावला नाहीत. मागच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचात आणि ऐकायचात. मी इंजिन सुरू केलं, तेलाचा दाब झपकन वर चढला आणि मी खूश झाले, तर म्हणालात, "दाब बघू नको, आधी तेलाचं तापमान बघ. गार तेल घट्ट असतं. पंप जोर लावतो म्हणून काटा वर दिसतो, पण बेअरिंगपर्यंत तेल पोचतच नाही." तेव्हापासून काटे बघण्याची माझी पद्धतच बदलली. तेल ७० ते ८० अंश सेल्सिअस, लाल रेषा ९० ला. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, १०० ते ११०, लाल रेषा १२१ ला. हे आकडे मला पाठ होतेच. कुठला काटा कुठल्या काट्याबद्दल काय सांगतो, ते तुमच्याकडून कळलं.

मॅग्नेटोचंही, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या जोडीचंही, तसंच. एक बंद केला की आरपीएम किंचित पडतात आणि ते फार पडू नयेत, एवढं सगळेच सांगतात. तुम्ही म्हणालात, "अजिबात नाही पडले तर जास्त घाबर." म्हणजे ज्याला आपण बंद केला असं समजतोय तो बंदच झालेला नाही, आणि उद्या कुणी विमानाच्या पंख्याला हात लावला तर इंजिन दणकन पेटेल. सिम्युलेटरमध्ये पंख्याला हात लावणारं कुणी नसतं, तरी ही तपासणी मी आता चुकवत नाही.

सगळ्यात मोठा धडा अर्थात थ्रॉटल आणि आरपीएमचा. मस्टँगचा पंखा स्वतःच पात्यांचा कोन बदलून ठरवलेले आरपीएम राखतो, त्यामुळे दोन दांडे आणि दोन काटे वेगवेगळे सांभाळावे लागतात. ताकद वाढवताना आधी आरपीएम, मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग आरपीएम. तुम्ही विचारलंत, "टॉप गिअरमध्ये मांगोर हिल चढवलीयेस का कधी स्कूटर?" बस्स, खटखट ऐकू आली आणि डोक्यात उजेड पडला. टेकऑफला ६१ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, थ्रॉटलने वाढतो तो) आणि ३००० आरपीएम, तेही पंधरा मिनिटांच्या आत. पुढे ४६ इंच आणि २७०० वर इंजिन कितीही वेळ चालतं. त्यापलीकडचे ६७ इंच म्हणजे फक्त पाच मिनिटांची उधारी. तुमच्या अक्षरातली ती चिठ्ठी अजून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली आहे.

मग टेकऑफ. विमान डावीकडे का ओढतं, हे तुम्ही टेबलफॅन बंद करून, त्याचं पातं बोटाने फिरवून दाखवलंत. कॉकपिटमधून पाहिलं तर मस्टँगचा पंखा उजवीकडे फिरतो. त्याची उलटी प्रतिक्रिया डावं चाक जमिनीवर दाबते. पंख्यामागची हवा पीळ घेत शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते. शेपूट खाली असते तोवर उजवीकडून खाली येणारं पातं जास्त ओढतं. आणि घाईने शेपूट उचललीत की फिरत्या पंख्याचा भोवरा नाकाला आणखी डावीकडे ढकलतो. चारही कारणं एकाच बाजूची! वेग कमी असताना रडरला, म्हणजे पायाने हलवायच्या शेपटीवरच्या सुकाणूला, पकड नसते, म्हणून सुरुवातीला पाय कितीही दाबला तरी उपयोग नाही. म्हणून रडरचं ट्रिम, म्हणजे आधीच लावून ठेवलेला कल, पाच-सहा अंश उजवीकडे. म्हणून स्टिक मागे धरून ठेवायची, म्हणजे शेपटीचं चाक रडरबरोबर थोडंसंच वळतं. पुढे ढकलली की ते मोकळं सुटतं. आणि म्हणून थ्रॉटल सावकाश. "चाळीसपर्यंत ने, सरळ धावतंय का बघ, मग एकसष्ट. डावा हात जेवढा पुढे, तेवढाच उजवा पाय. हाताने पायाला मागे टाकायचं नाही." पहिल्यांदा चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "गेलं वर."

बोगमाळोच्या नौदल विमानसंग्रहालयात तुम्ही मला नेलंत, ती दुपार तर मी विसरणारच नाही. तुमच्या कॉनीच्या, म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशनच्या, इंजिनाखाली उभं राहून तुम्ही सांगितलंत की सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या अशा गोल इंजिनात खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरून साठतं. पंखा आधी नुसता फिरवून न बघता पेटवलं तर पिस्टनला तेल दाबता येत नाही आणि दांडा वाकतो. मग फायरफ्लाय या नौदलाच्या जुन्या विमानापाशी नेलंत आणि काहीही न सांगता विचारलंत, "पात्याची पुढची धार बघ आणि सांग, कुठला पाय?" मी बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिले. डावा! त्यातलं ग्रिफन इंजिन मस्टँगच्या मर्लिन इंजिनाच्या उलट फिरतं, म्हणजे ओढ उजवीकडे. मर्लिनच्या स्पिटफायरवर सवय झालेल्या वैमानिकांना ग्रिफनच्या स्पिटफायरवर गेल्यावर पायच बदलावा लागायचा. बरोबर उत्तर दिलं म्हणून तुम्ही शाबासकी वगैरे काही दिली नाहीत. थेट गेटाबाहेर शहाळं घेऊन दिलंत.

लढाईचं अजून काही खरं नाही, काका. जर्मन मेसरश्मिट विमान मागे लागलं की मी अजूनही नाक वर करून पळायला बघते. वेग पडतो, पोटाखालच्या रेडिएटरला हवा मिळत नाही आणि कूलंटचा काटा लाल रेषेकडे निघतो. पण आता तो निघालेला मला आधी दिसतो. नाक खाली घालते, वेग घेते आणि इंजिन जिवंत घेऊन घरी येते. पूर्वी शत्रूची गरजच पडत नव्हती.

आता पी-४७ हे विमान घ्यायचं मनात आहे. त्याचं इंजिन तुमच्या ओळखीचं, गोल, १८ सिलिंडरवालं. काउलिंगच्या (इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या) झडपा कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या, यावर व्हिडिओवाल्यांचं आपसांतच जमत नाही, त्यामुळे ते तुमच्याकडूनच शिकणार. चवथ झाली की येते वर बोलवायला. येताना नेवऱ्या आणेन. तुमच्या शुगरचं काकूंशी काय ते तुम्ही बघून घ्या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची